बाबा, तुम्ही का वाकता?

तुम्ही असाकुसात उभे आहात. टोकियोतली ही थिएटरांची गल्ली. दोन्ही बाजूंना उंच बांबूंवर लांबलचक पताका, त्यांवर नटनट्यांची नावं रंगवलेली, आणि खाली रस्त्यावर शेकडो लाकडी खडावांचा खडखडाट. साल १९३२, जूनचा पहिला आठवडा. पावसाळा तोंडावर आलाय, हवा अंगाला चिकटते आहे. महिनाही झाला नाही, १५ मेला नौदलाचे तरुण अधिकारी पंतप्रधान इनुकाई यांच्या निवासस्थानी घुसले आणि त्यांना गोळ्या घालून गेले. चार्ली चॅप्लिन तेव्हा टोकियोतच होता. पंतप्रधानांचा मुलगा त्याला सुमो कुस्त्या दाखवायला घेऊन गेला होता. एवढं सगळं होऊनही गल्लीत गर्दी आहे. लोकांना सिनेमा पाहायचाय. तिकीट काढा आणि आत शिरा.

आत सिगारेटचा धूर आणि तांदळाच्या कुरकुरीत चकत्या चावल्याचे आवाज. मागच्या बाजूला पोलिसासाठी राखून ठेवलेली जागा आहे, तिच्याकडे फार वेळ बघू नका. पडद्याशेजारी छोट्या दिव्याच्या उजेडात एक माणूस उभा आहे. हा बेन्शी. मूकपट चालू असताना गोष्ट सांगणारा, कीर्तनकारासारखा आवाज बदलत बापापासून पोरापर्यंत सगळ्यांच्या तोंडचं बोलणारा. ह्या लोकांच्या पोटावर पाय यायची वेळ आली आहे. गेल्या वर्षी जपानी बोलपट सुरू झाले, आणि आत्ताच एप्रिलमध्ये बेन्शींनी संप केला. संपाच्या पुढाऱ्यांत हेइगो कुरोसावा नावाचा एक जण होता. पुढच्या वर्षी तो आत्महत्या करील. त्याचा धाकटा भाऊ अकिरा अजून चित्रकार व्हायच्या खटपटीत आहे.

आज लागलेला सिनेमा मात्र मुद्दाम मुका आहे. दिग्दर्शक यासुजिरो ओझू, वय २८. आपला छायाचित्रकार शिगेहारा ध्वनिमुद्रणाचं स्वतःचं यंत्र तयार करतोय, ते झाल्याशिवाय बोलपट करायचा नाही, असा त्याने हट्ट धरलाय आणि १९३६पर्यंत तो पाळणार आहे. सिनेमाचं नाव 'उमारेते वा मिता केरेदो'. मराठीत 'जन्माला आलो खरे, पण...' म्हणू या.

पहिल्याच दृश्यात चिखलात रुतलेलं ट्रकचं चाक गरगर फिरतंय. योशिई नावाचा कारकून बायको-मुलांना घेऊन उपनगरात राहायला आलाय, साहेबांच्या घराजवळ. जवळ राहिलं की साहेबांच्या नजरेत राहता येतं. त्याला दोन मुलगे: थोरला र्योइची, धाकटा केइजी. धाकट्याचं काम करणारा पोरगा तोमिओ आओकी. १९२९ साली ओझूच्याच एका लघुपटात त्याने अपहरण करणाऱ्यांना इतकं सतावलं होतं की त्यांनी त्याला आणून परत सोडलं. त्या सिनेमाचं नाव 'तोक्कान कोझो' हेच त्याचं टोपणनाव होऊन बसलं. गाल फुगवून, पोट पुढे काढून तो चालतो तेव्हा तुमच्या आजूबाजूची माणसं हसायला लागलेली असतात.

आता कॅमेरा कुठे आहे ते बघा. जमिनीपासून हात-दीड हातावर. मोकळ्या माळावर विजेचे खांब, वाळत घातलेले कपडे, मागून सारखी धावणारी छोटी विजेची गाडी, आणि ह्या सगळ्यात पोरांची टोळी. मोठी माणसं ह्या चौकटीत शिरतात तेव्हा आधी त्यांचे पाय दिसतात. टोळीतल्या एका अगदी लहान पोराच्या पाठीवर कागद लावलाय: ह्याचं पोट बिघडलंय, कृपया खायला देऊ नये. ह्या एका कागदात मोहल्ला आला, आई आली आणि ते पोरगंही आलं.

(ती विजेची गाडी लक्षात ठेवा. टोकियोच्या दक्षिणेकडच्या ह्या उपनगरांतच, इथून फार लांब नाही, जियूगाओकाला पाच वर्षांनी रेल्वेच्या जुन्या डब्यांत वर्ग भरवणारी तोमोए शाळा निघणार आहे. 'तोत्तोचान' मराठीत वाचलेल्यांना ती शाळा ठाऊक आहे, आणि ती १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळाली हेही.)

टोळीचा एक खेळ आहे. ज्याची सत्ता, त्याने दोन बोटं रोखली की समोरच्याने जागच्या जागी मरून पडायचं आणि त्याने पुन्हा खूण केली की मगच उठायचं. हा मान मनगटाच्या जोरावर मिळवायचा असतो. र्योइची आणि केइजी तो मिळवतात. मग साहेबांचा मुलगा तारो, चांगले इस्त्रीचे कपडे घातलेला, तोही ह्यांच्या बोटांसमोर मुकाट्याने मातीत आडवा होतो. पोरांच्या राज्यात न्याय सरळ आहे. मोठ्यांच्या राज्यात काय चालतं हे ह्या दोघांना अजून कळलेलं नाही. प्रेक्षकांना कळावं म्हणून ओझू कॅमेरा शाळेतल्या पोरांच्या रांगेपुढून सरकवत नेतो आणि तसाच सरकत तो बापाच्या कचेरीत, टेबलांच्या रांगेपुढून जातो. तिथे कारकून एकामागून एक जांभया देताहेत.

मग ती संध्याकाळ येते. साहेबांना घरी सिनेमा काढायचा छंद आहे. दिवाणखान्यात पडदा लावलाय, कचेरीतली माणसं जमली आहेत, मुलंही आली आहेत. पडद्यावर प्राणिसंग्रहालय. झेब्र्याच्या अंगावर काळे पट्टे पांढऱ्यावर की पांढरे काळ्यावर, ह्यावर पोरांची जुंपते. आणि पुढच्या तुकड्यात त्यांचे बाबा दिसतात. साहेबांच्या कॅमेऱ्यासमोर तोंडं वेडीवाकडी करताहेत, माकडचेष्टा करताहेत. सगळे खदाखदा हसतात. तारो म्हणतो, तुझे बाबा किती गमतीशीर आहेत! त्या दोन पोरांचे चेहरे ह्या वेळी नीट बघून ठेवा. पुढे जगात कुठेही मुलांवरचा सिनेमा पाहाल तेव्हा तुम्ही त्याला ह्या चेहऱ्यांशी ताडून बघणार आहात.

घरी येऊन थोरला बापाला धारेवर धरतो. तुम्ही आम्हाला मोठा माणूस हो म्हणता, मग तुम्ही स्वतः कुठे मोठे आहात? तारोच्या बाबांसमोर इतके का वाकता? ते मला पगार देतात, बाप म्हणतो. मग घेऊ नका पगार. पगार घेतला नाही तर तुम्ही खाणार काय, शाळेत कसे जाणार? तर मग आम्ही जेवणारच नाही.

बाप मारतो. पोरगं रडून झोपतं. बाप दारूची बाटली काढतो, आणि मग नवरा-बायको झोपलेल्या मुलांच्या उशाशी बसून राहतात. ह्यांनीही आपल्यासारखंच जिणं काढायचं का, असं त्याच्या मनात आहे आणि तो ते बोलून दाखवतो. ह्या जागी बेन्शीने आवाज खाली आणलाय. थिएटरमध्ये कोट-टाय घातलेली माणसं बसली आहेत, उद्या सकाळी त्यांनाही कुणापुढे तरी वाकायचंय. मला ह्या सिनेमाचं मोठेपण इथे दिसतं: ओझूने बापाला खलनायक केलं नाही आणि मुलांना लाडावलं नाही. प्रश्न मुलांचा बरोबर आहे. उत्तर बापाकडे नाही. दोघांना एकाच घरात राहायचंय.

सकाळी उपाशी पोरं अंगणात रुसून बसली आहेत. आई भाताचे गोळे करून आणते. बाप शेजारी येऊन बसतो. थोडा वेळ ताठा टिकतो, मग तिघंही खायला लागतात. मोठेपणी कोण होणार, असं बाप विचारतो. केइजी म्हणतो, लेफ्टनंट जनरल. जनरल का नाही? कारण जनरल दादा होणार आहे.

थिएटर हसतं. तुम्हाला हसू येणार नाही, कारण पुढचं तुम्हाला माहीत आहे. हे आठ वर्षांचं पोरगं १९४५ साली एकवीस वर्षांचं असेल.

शेवटी रेल्वेच्या फाटकापाशी साहेबांची मोटार थांबलेली दिसते, आणि बाबांनी जाऊन नमस्कार करावा असं पोरंच सुचवतात. बाबा जातात. ह्याला कुणी समेट म्हणेल. मी म्हणणार नाही. दोन पोरांनी बापाची अडचण ओळखली आणि त्याला मोकळं केलं, आणि त्या वयात एवढं ओळखावं लागणं ही काही आनंदाची गोष्ट नाही. 'किनेमा जुन्पो' मासिक वर्षाअखेरीस ह्याला १९३२चा सर्वोत्तम जपानी चित्रपट ठरवील.

बाहेर पडा. पुढची सोळा वर्षं एका दमात ओलांडायची आहेत. मध्ये १९३७ साली ओझूला सैन्यात बोलावणं येतं आणि तो चीनच्या आघाडीवर जातो. १९४३ साली त्याला सिंगापूरला पाठवतात, तिथून तो १९४६ साली परततो.

आता तुम्ही शिमोनोसेकी स्टेशनावर आहात, होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाला. १९४८. हरलेल्या सैन्यातला एक शिपाई गाडीतून उतरतोय. फलाटावर पोरांचं एक टोळकं आहे, चिंध्या पांघरलेलं, गिऱ्हाइकाच्या शोधात असलेलं. पोरांना राबवून घेणारा एक लंगडा माणूस त्यांच्यावर नजर ठेवून आहे. हे चित्रीकरण आहे असं तुम्हाला सांगावं लागेल, कारण इथे सेट नाही, आणि ह्या पोरांना कुणी मेकअपही केलेला नाही. ही खरीच अनाथ मुलं आहेत. त्या फेब्रुवारीत सरकारने देशभर मोजणी केली तेव्हा १,२३,५११ अनाथ मुलं मिळाली होती. टोकियोच्या उएनो स्टेशनाखालच्या भुयारात ती रात्री निजायची आणि पोलीस त्यांची धरपकड करायचे.

कॅमेऱ्यामागचा माणूस हिरोशी शिमिझू. ओझूच्याच वयाचा, त्याचा जुना मित्र, एकाच कंपनीत वाढलेला. युद्धापूर्वी त्याने 'काझे नो नाका नो कोदोमो' हा बाप तुरुंगात गेलेल्या दोन भावांचा सिनेमा केला होता. युद्धानंतर त्याने काही अनाथ पोरांना आपल्याकडे ठेवून घेतलं, आणि त्यांनाच घेऊन, मोठ्या कंपनीबाहेर पडून, हा सिनेमा काढलाय: 'हाची नो सू नो कोदोमोताची', पोळ्यातली मुलं. सुरुवातीलाच पडद्यावर प्रेक्षकांना विचारलं जातं की ह्यांतल्या कुणाला तुम्ही ओळखता का. सिनेमाच्या पाट्यांमध्ये असा प्रश्न मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही. काळोखात बसलेल्या एखाद्या मावशीला, काकाला आपल्या रक्ताचं मूल सापडेल ह्या आशेने विचारलेला हा प्रश्न आहे.

पोरं शिपायाच्या मागे लागतात. तोही अनाथ, सुधारगृहात वाढलेला. ही सगळी वरात पायी चालते, मिळेल ते काम करते, उद्ध्वस्त हिरोशिमातून जाते. अमेरिकी सैन्याची सेन्सॉरशिप असल्याने बॉम्बवर फार बोलायची सोय नाही. शिमिझू फक्त पोरांना त्या मोकळ्या पडलेल्या शहरातून चालवतो.

तुम्हाला जिथे आणायचं होतं तो डोंगर आता समोर आहे. योशीबो नावाचं लहान पोरगं आजारी आहे. त्याची आई सायपानहून परत येताना समुद्रात गेली, म्हणून समुद्र दिसला की तो तिला हाक मारतो. त्याला समुद्र बघायचाय. टोळक्यातला युताका त्याला पाठीवर घेतो आणि चढायला लागतो. कॅमेरा लांब उभा आहे. चढ उभा, पायाखाली दगड सुटतात, पोरगं घसरतं, पुन्हा उठतं, पाठीवरचं ओझं सावरतं आणि परत पाऊल टाकतं. दिग्दर्शक जवळ जात नाही. डोळ्यांतलं पाणी दाखवत नाही. चढायला जितका वेळ लागतो जवळजवळ तितका घेऊ देतो. तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी उभे आहात आणि मदतीला जावं असं तुम्हाला वाटतंय. जाता येत नाही, कारण शिमिझूने ते अंतर मुद्दाम राखलंय. माथ्यावर समुद्र दिसतो, पण योशीबोने डोळे मिटलेले आहेत.

हा सिनेमा आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलाय. इटलीच्या 'बायसिकल थीव्ह्ज'ची आठवण सगळे काढतात. तोही १९४८चाच. शिमिझूचं नाव त्याच्या शेजारी घ्यायला हवं.

१९५४ला थोडंच थांबू. सेतोच्या आतल्या समुद्रातलं शोदोशिमा बेट, केइसुके किनोशिताचा 'निजुशी नो हितोमी', चोवीस डोळे. म्हणजे बारा मुलं आणि त्यांच्या ओइशी बाई, हिदेको ताकामिने. ती स्वतः पाचव्या वर्षापासून सिनेमात होती, लहानपण कॅमेऱ्यासमोरच गेलेलं. गोष्ट १९२८ला सुरू होते. बाई पाश्चात्त्य पोशाखात सायकलवरून शाळेत येतात आणि गाव नाकं मुरडतं. मुलं पाच वर्षांनी मोठी झालेली दाखवायची म्हणून किनोशिताने चेहरेपट्टी जुळणारी सख्खी भावंडं शोधून काढली, धाकटी पहिलीत आणि थोरली सहावीत. मुलगे शिपाई व्हायचं म्हणतात तेव्हा बाईंना ते आवडत नाही. कोळी व्हा, दुकानदार व्हा, पण जगा, असं त्यांचं म्हणणं. हेडमास्तर त्यांना तोंड सांभाळायला सांगतात. पाच मुलग्यांतले तीन युद्धात मरतात, एक आंधळा होऊन परततो. तो आंधळा मुलगा पुढे मोठेपणी शाळेचा जुना ग्रुप फोटो हातात घेतो आणि कोण कुठे उभं आहे ते बोटाने दाखवतो. मला किनोशिताचं संगीत जास्त भरलेलं वाटतं, रडू आणायची घाई वाटते. पण ते बोट फोटोवरून फिरतं तेव्हा तक्रार करायला तोंड उरत नाही. त्या वर्षी 'किनेमा जुन्पो'च्या यादीत हा पहिला आला, 'सेव्हन समुराई' तिसरा.

१९५९. ओझूचाच रंगीत 'ओहायो'. एप्रिलमध्ये युवराजांचं लग्न झालंय, ते बघायला लोकांनी टीव्ही घेतलेत, आणि दोन भावांनी टीव्हीसाठी मौनव्रत धरलंय. १९३२च्या पोरांनी बापाच्या स्वाभिमानासाठी अन्न सोडलं होतं. सिनेमा लोभस आहे, हसवतो, पण माझा जीव जुन्यात गुंतलेला आहे.

१९८५ला एका गावच्या शाळेत वादळात अडकलेली पोरंपोरी भेटतील, शिंजी सोमाइच्या 'ताइफू क्लब'मध्ये. बारा-पंधराच्या वयातली खदखद इतक्या लांबून, इतक्या सलग बघायची असेल तर तो बघाच. पण आपल्याला १९८८ गाठायचंय. १६ एप्रिलला आईबाप मुलांना घेऊन थिएटरात आले आहेत, एका तिकिटात दोन चित्रपट: मियाझाकीचा 'तोतोरो' आणि ताकाहाताचा 'होतारू नो हाका'. एकात जंगलातला प्रेमळ प्राणी, दुसऱ्यात बॉम्बहल्ल्यात आई गेलेली दोन भावंडं, चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको, नातेवाइकांच्या घरून निघून एकट्याने राहू पाहणारी आणि भुकेने मरणारी. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचा असताना ओकायामावरच्या हल्ल्यातून वाचला होता. प्रेक्षक म्हणाले असतील, युद्धाचे दिवस होते ते. त्याच वर्षी टोकियोच्या सुगामो भागात, एका फ्लॅटमध्ये, आईने सोडून दिलेली मुलं सापडली. महिनोन्‌महिने ती एकटीच राहत होती, आणि सगळ्यात धाकटी मुलगी त्या दिवसांत मरण पावली होती. तेव्हा युद्ध नव्हतं, दुकानं भरलेली होती.

हिरोकाझू कोरेएदा तेव्हा पंचविशीत. ह्या बातमीवर त्याने पटकथा लिहिली आणि तिचा 'दारे मो शिरानाई' हा सिनेमा व्हायला पंधराएक वर्षं लागली. तुम्ही आता त्याच्या चित्रीकरणाला, टोकियोतल्या एका लहानशा फ्लॅटमध्ये आला आहात. २००२चा शरद ऋतू. बूट दाराशी काढा. मुलांच्या हातात पटकथा नाही. कोरेएदा गुडघ्यांवर बसतो, मुलाच्या कानाशी वाकून सांगतो की तू आता हे म्हणायचंस, आणि बाजूला होतो. मूल ते आपल्या भाषेत, आपल्या वेगाने म्हणतं. गोष्टीच्या क्रमाने चित्रीकरण होतंय, ऋतू खरे येताहेत, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. मोठ्या भावाचं, अकिराचं काम करणारा यूया यागिरा ह्या काळात उंच होतो, त्याचा आवाज फुटतो, आणि ते सगळं सिनेमात आहे तसं येतं.

फ्लॅटमध्ये फिरून बघा. जमिनीवर नेलपॉलिशचा डाग. आईने जाण्यापूर्वी मुलीच्या नखांना लावलं होतं. क्रेयॉनचे तुकडे. बाल्कनीत रिकाम्या कप नूडल्समध्ये माती भरून लावलेली रोपं. धाकट्या युकीच्या चालताना चूं चूं वाजणाऱ्या चपला. ह्या मुलांना बाहेर जायची मनाई आहे, कारण घरमालकाला त्यांचा पत्ता नाही. युकी ह्या घरात आली तीच सुटकेसमधून. वाढदिवसाच्या दिवशी आई येईल म्हणून ती हट्टाने ह्याच चपला घालून स्टेशनवर जाते, आणि रस्ताभर तो आवाज ऐकत तुम्हाला तिच्या मागून चालावं लागतं. पुढे पैसे संपतात, वीज तुटते, पाणी तुटतं. कोपऱ्यावरच्या दुकानातला एक पोऱ्या मागच्या दाराने मुदत संपलेले भाताचे गोळे हातावर ठेवतो. एवढीच मदत समाजाकडून होते. शेजारी, पोस्टमन, दुकानदार सगळे दयाळू आहेत. कुणीच विचारत नाही.

आणि इथली मुलंही विचारत नाहीत. १९३२ची मुलं बापाला जाब विचारू शकत होती, कारण बाप समोर होता. अकिरासमोर कुणीही नाही. तो हिशेब लिहितो, भावंडांना जेवू घालतो, आणि युकी गेल्यावर तिला सुटकेसमध्येच घालून हानेदा विमानतळाकडे नेतो, कारण विमानं दाखवायचं तिला कबूल केलं होतं. मला राग येतो तो त्या आईचा नाही, ह्या सिनेमात तिचाही राग येऊ देत नाहीत. राग येतो तो बिल्डिंगमधल्या प्रत्येक बंद दाराचा, आणि मी राहतो त्या मजल्यावरही तशीच दारं आहेत.

२००४च्या मे महिन्यात कान महोत्सवात क्वेंटिन टॅरंटिनोच्या ज्यूरीने यागिराला सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरवलं. तेव्हा तो १४ वर्षांचा होता, आजवरचा सगळ्यात लहान. बक्षीस घ्यायला तो हजर नव्हता. शाळेच्या परीक्षेसाठी जपानला परतला होता.

तुमच्या घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर त्याला आधी १९३२चा सिनेमा दाखवा. मूकपट आहे म्हणून बिचकू नका. पाट्या मोठ्याने मराठीत वाचून दाखवा, मुलं पहिल्या दहा मिनिटांत रमतात. मधेच त्याने तोच प्रश्न तुम्हाला विचारला तर सिनेमा थांबवा आणि उत्तर द्या, खरं असेल ते. कोरेएदाचा 'दारे मो शिरानाई' मात्र मूल चौदा-पंधराचं झाल्यावरच लावा, आणि लावाल त्या दिवशी दुसरं काही काम ठेवू नका. तो १४१ मिनिटांचा आहे, आणि नंतर मुलाशी बोलायला तितकाच वेळ हवा.